किनारा साफ करायचाय? आधी तिथी बघा

आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णैच्या जवळ. बचत गटातल्या आम्ही बायका, खारवी (मासेमार) वाड्यातली मुलं आणि सुट्टीला आलेले मुंबईकर मिळून पुळण (किनाऱ्याची वाळू), जेटी आणि समुद्राकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे चिऱ्यांची वाट, सांभाळतो. आजूबाजूच्या गावांतून विचारणा होते, म्हणून आमची पद्धत सविस्तर लिहिते.

दिवस ठरवताना नुसता रविवार बघू नका, कॅलेंडरवरची तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते, हा हिशोब आमच्याकडे पोराटोरांनाही येतो. द्वितीयेला दोनाची पाऊणपट, म्हणून भरती दुपारी दीडच्या सुमाराला. म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी, अख्खी पुळण मोकळी. शिवाय नुकतंच अमावास्या-पौर्णिमेचं उधाण होऊन गेलेलं असतं आणि त्याने वर फेकलेला कचरा एका रेघेत पडलेला असतो. तो पुढच्या उधाणाच्या आत उचलला नाही तर परत पाण्यात जातो. म्हणून द्वितीया ते चतुर्थी या दिवसांत येणारा रविवार आम्ही धरतो.

त्याआधी एक गोष्ट पक्की करा, कचरा जाणार कुठे? याचं उत्तर मिळाल्याशिवाय माणसं गोळा करू नका. बाहेरून आलेले गट पोती भरतात, फोटो काढतात आणि पोती पुळणीवरच ठेवून निघून जातात. रात्री कुत्री ती फाडतात. हे बघून माझा जीव तुटतो. ग्रामपंचायतीला आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या, गाडी कधी आणि कुठपर्यंत येईल ते विचारून घ्या. वित्त आयोगाच्या निधीत पाणी-स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला भाग असतो, त्यातून गाडीच्या डिझेलची सोय होते का ते ग्रामसभेत विचारा. भंगारवाल्याशीही आधीच बोला. पाण्याच्या आणि काचेच्या बाटल्या तो नेतो. वेफर्सची पाकिटं, चपला आणि थर्माकोल कुणी घेत नाही, त्यांची पोती वेगळी बांधा. जाळायचं मात्र काहीही नाही.

सोबत जाड हातमोजे, गोणी, दाताळं, कोयता आणि झाकणाचा एक पत्र्याचा डबा घ्या. सुया आणि फुटकी काच त्या डब्यात. मुलांना या दोन्हींना हात लावू देऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ जातो जाळ्यांपाशी. वाळूतून हिरवा-निळा धागा वर आलेला दिसतो, हातभर वाटतो, आणि ओढायला गेलं की चार माणसांना हलत नाही. ओढूच नका. आधी शेजारच्या खारव्यांना विचारा. जाळं कुणाचं वाळत टाकलेलं असेल, कुणाला दुरुस्त करून हवं असेल. बाद झालेलंच आहे असं कळलं की दोन्ही बाजूंनी वाळू उकरा, मोकळं झालेलं टोक झटकत झटकत गुंडाळत चला, आणि गोणीत मावेल एवढाच तुकडा कापा. कापण्याआधी आत खेकडे अडकलेत का ते बघा, त्यांना सोडवून पाण्याकडे ठेवा. नायलॉन कुजत नाही. हेच जाळं पाण्यात गेलं तर कासवं त्यात अडकून मरतात.

काय उचलायचं नाही हेही सगळ्यांना आधी सांगा. शेवाळ, शिंपले आणि वाहून आलेली लाकडं जिथल्या तिथे राहू द्या. मर्यादवेल तर अजिबात उपटू नका, ती वाळू धरून ठेवते. कुणी हौसेने जेसीबी आणतो म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ट्रॅक्टरच्या टायरसारखा माग पुळणीवर दिसला की तिथे पाय न ठेवता वन विभागाला कळवा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू केली. आज पिल्लं बघायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे तिथल्या घरांना चार पैसे मिळतात. मुंबईत वर्सोव्याला ऑक्टोबर 2015 पासून अफरोज शाह आणि त्यांचे सोबती आठवड्यामागून आठवडा कचरा उचलत राहिले, आणि मार्च 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर कासवाची पिल्लं दिसली. एका दिवसाच्या मोहिमेने हे झालं नसतं.

पाखाडीचं काम थोडकं आहे. पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. खराटा आणि जाडी वाळू घेऊन घासा. ब्लीचिंग पावडर नको, ते पाणी खालच्या विहिरीकडे उतरतं.

जेटीसाठी योग्य वेळ म्हणजे 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी. होड्या वर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात आणि पडवीत जाळी विणायचं काम चालतं. धाग्याचे बोटभर तुकडे तेव्हाच खाली पडतात, आणि एकदा वाळूत मिसळले की ते वेचणं कुणाच्याच्याने होत नाही. जिथे जाळी विणतात त्या प्रत्येक पडवीत एक रिकामी गोणी खुंटीला लावून या. नारळी पौर्णिमेच्या आधी घरोघरी जाऊन त्या परत घ्या आणि काट्यावर घाला. वजन वहीत लिहून ठेवा. ग्रामसभेत पुढच्या वर्षाचे पैसे मागताना हीच वही पुढे ठेवायची आहे.