मार्केटिंगच्या नोकरीसाठी असाइनमेंट आलंय? स्लाइड उघडण्याआधी या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी, अर्ज केलेल्या कंपनीचा मेल येतो. ‘दिवाळी कॅम्पेनचा पूर्ण प्लॅन, तीन महिन्यांचं कंटेंट कॅलेंडर आणि पाच क्रिएटिव्ह (जाहिरातींची डिझाइन) सोमवारी सकाळपर्यंत पाठवा.’ शनिवार-रविवार घरचं सगळं बाजूला ठेवून तुम्ही कामाला बसता. सोमवारी फाइल जाते आणि पुढे तीन आठवडे कोणाचाही फोन नाही.

मी पुण्यात मार्केटिंगमध्ये अकरा वर्षं आहे. असाइनमेंट, म्हणजे निवडीआधी करून दाखवायचं काम, मी दिलंय, घेतलंय आणि तपासलंयही. 2019 मध्ये एका कंपनीसाठी मी पाच राउंड आणि बत्तीस स्लाइड केल्या. सात आठवड्यांनी कळलं की त्या जागेला वरून मंजुरीच मिळालेली नव्हती. ही गोष्ट मला पहिल्या फोनवरच विचारता आली असती. तेव्हापासून ओळखीतला कोणी मुलाखतीला निघाला की मी त्याला आधी हेच सांगतो.

पहिल्या फोनवर गप्प बसणं

रिक्रूटरचा फोन आला की आपण फक्त उत्तरं देतो. सध्याचा सीटीसी (वर्षाचा एकूण पगार) किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती. आपणही विचारायला हवं: एकूण राउंड किती? शेवटचा निर्णय कोणाचा? जागा नवीन आहे की कोणी सोडून गेलंय? बजेट मंजूर आहे का? असाइनमेंट असेल तर कितव्या राउंडला? पगाराचा अंदाज मिळाल्याशिवाय तर असाइनमेंट हातात घेऊच नका. दोन दिवस खपल्यावर आकडा निम्मा निघाला तर ते दिवस कोणी परत देत नाही.

‘इतकं विचारलं तर आपण अवघड वाटू’ ही भीती मला माहीत आहे. पण जागेबद्दल नीट ठरवलेल्या कंपनीकडे ही उत्तरं तयार असतात. गूगलने आपल्याच भरतीची आकडेवारी तपासली, तेव्हा चार मुलाखतींनंतर निर्णयाच्या अचूकतेत फारशी भर पडत नाही असं दिसलं आणि त्यांनी चारची मर्यादा घालून घेतली. मग मार्केटिंग एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी कोणी सात राउंड सांगत असेल, तर आपल्याला नेमकं कोण हवंय हे बहुधा त्यांचंच ठरलेलं नसतं.

मागितलं ते सगळं देणं

वरच्या मेलमधलं काम एखाद्या एजन्सीने केलं तर तिची टीम त्यावर आठवडाभर बसेल, आणि त्याचं बिलही होईल. एकट्या उमेदवाराकडून ते दोन दिवसांत फुकट मागणं चूकच आहे. तरी थेट नाही म्हणायची गरज नसते. साधारण या आशयाचा मेल पाठवा: ‘या कामासाठी मी चार तास देऊ शकते. त्यात दिवाळी कॅम्पेनचा एकच भाग, म्हणजे कोणाला विकायचं आणि पैसे कुठे लावायचे, हा नीट मांडते. कॅलेंडर आणि क्रिएटिव्हबद्दल प्रत्यक्ष चर्चेत बोलूया. चालेल का?’

गेल्या वर्षी एका मुलीने आम्हाला असाच मेल पाठवला. तिच्या सहा स्लाइड आल्या आणि निवड तिचीच झाली. ब्रीफ, म्हणजे क्लायंटने सांगितलेलं काम, हातात आल्यावर आधी त्याची हद्द ठरवणं हे या धंद्यातलं रोजचं काम आहे. क्लायंटसमोर ती हे करू शकेल, हे आम्हाला त्या मेलमध्येच दिसलं होतं.

स्लाइड भरपूर, हिशेब गायब

ही सर्वांत मोठी चूक. पंधरा डेक, म्हणजे स्लाइडचे संच, तपासायला बसलं की बारांमध्ये तेच दिसतं: ब्रँडची ओळख, इन्स्टाग्रामचं महत्त्व, इन्फ्लुएन्सर, रील. पैशाचं पान कुठेच नसतं.

समजा बजेट 5 लाख आहे आणि एका क्लिकला 20 रुपये पडतात. म्हणजे 25,000 क्लिक. त्यातल्या शंभरातल्या दोघांनी खरेदी केली तर 500 ऑर्डर. एका ऑर्डरमागे 1,000 रुपये खर्च आला आणि वस्तूची किंमत आहे 699. हे गणित मांडलंत की पुढचे प्रश्न आपोआप येतात: कॉम्बो विकायचा का? जुन्या ग्राहकांना आधी व्हॉट्सॲप करायचं का? गृहीत धरलेल्या आकड्यापुढे ‘गृहीत’ असं स्पष्ट लिहा. खरा आकडा तुमच्याकडे नसणार, हे तपासणाऱ्याला माहीत असतं. तो तुमची विचार करायची रीत बघतो.

दुसरं, तारखा. समजा उटणं आणि अभ्यंगस्नानाचा सेट विकायचाय. तो नरकचतुर्दशीच्या पहाटेआधी घरात पोचायला हवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याची जाहिरात चालवणारा प्लॅन मी स्वतः पाहिलाय. भाऊबीजेच्या गिफ्टची घाई मात्र त्याच दिवसांत असते. आणि मराठी ग्राहकासाठीची ओळ हिंदीवरून उचलून भाषांतरित करू नका, ती पहिल्या वाचनातच उघडी पडते.

स्पर्धक काय करतायत ते अंदाजाने लिहू नका. फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाची ॲड लायब्ररी आणि गूगलचं ॲड्स ट्रान्स्परन्सी सेंटर दोन्ही फुकट आहेत. अर्ध्या तासात चालू जाहिराती दिसतात.

जुन्या कंपनीचा डॅशबोर्ड दाखवणं

हे अजिबात करू नका. आधीच्या कंपनीचे आकडे आज आमच्यासमोर उघडे करणारा माणूस उद्या आमचेही करेल, हाच विचार मनात येतो. ॲनालिटिक्स येतं हे दाखवायचं असेल तर गूगल स्वतःच्या मर्चंडाइज स्टोअरचं जीए4 (गूगल ॲनालिटिक्स 4) डेमो अकाउंट सर्वांना देतं, ते वापरा.

‘आयडिया चोरली तर बघून घेऊ’

1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोंदणी नसली तरी तुम्ही लिहिलेल्या मजकुराचे आणि केलेल्या डिझाइनचे पहिले मालक सामान्यतः तुम्हीच असता. नोकरीतल्या कामाला वेगळा नियम आहे, पण उमेदवार म्हणजे नोकरदार नव्हे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. मात्र कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स खटल्यात ते स्पष्ट केलंय. म्हणजे तुमची ओळ जशीच्या तशी वापरली तर बोलायला जागा आहे, नुसती युक्ती उचलली तर जवळजवळ नाही.

म्हणून काळजी आधीच घ्या. पीडीएफ पाठवा, बदल करता येईल अशी उघडी फाइल नको. पहिल्या पानावर नाव, तारीख आणि ‘केवळ निवड प्रक्रियेसाठी’ एवढं लिहा. अपलोड करताना ‘सादर केलेलं सर्व साहित्य कंपनीचं’ अशी अट समोर आली तर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. शक्य तिथे त्यांच्या चालू ब्रँडऐवजी काल्पनिक ब्रँडवर काम करायची परवानगी मागा. हेतू फक्त पारखण्याचा असेल तर सहसा कोणी हरकत घेत नाही.

पाठवल्यानंतर

पाच कामाच्या दिवसांनी एक मेल, आणखी आठवड्याने दुसरा, आणि मग तो अर्ज मनातून बाजूला ठेवा. तोवर दुसरीकडे अर्ज करणं थांबवू नका. दुसरं असाइनमेंट मागितलं तर पहिल्याचा अभिप्राय मागा. तिसरं मागितलं तर कामाची फी सांगा. ‘जॉइनिंगआधी लॅपटॉपचं डिपॉझिट भरा’ असं ऐकू आलं तर ती फसवणूक समजा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि एचआर फोनवर ‘तुमचं फायनल झालंय’ म्हणाल्या तरी ऑफर लेटर हातात येऊन पगार, पद आणि जॉइनिंगची तारीख वाचेपर्यंत राजीनामा देऊ नका. साठ-नव्वद दिवसांची नोटीस एकदा सुरू झाली की ती मागे घ्यायची की नाही, हे बऱ्याचदा जुन्या कंपनीच्या मर्जीवर असतं.