नोटगेल्ड जमवायचंय? आधी एक प्रदेश धरा

जर्मनीतल्या हॅनोव्हरला लाइने नदीच्या काठी दर शनिवारी जुना बाजार भरतो. तिथे एका बुटाच्या खोक्यात मला पहिली नोट सापडली: हामेलनची, वर तोच बासरीवाला. लहानपणी मराठीत ऐकलेली गोष्ट एका गावाने चक्क पैशावर छापलेली बघून मी हरखलेच.

पहिल्या महायुद्धात जर्मन लोकांनी नाणी दडवली आणि उरलेला धातू युद्धाकडे गेला. सुट्ट्यांची इतकी चणचण झाली, की नगरपालिका, बचत बँका, कारखाने यांनी स्वतःच नोटा छापल्या. हेच नोटगेल्ड, म्हणजे अडीनडीचा पैसा. नोटेवर बहुधा ‘गुटशाइन’, म्हणजे कुपन, असं लिहिलेलं असतं.

हजारो गावांनी नोटा काढल्या, त्यामुळे ‘सगळं जमवीन’ म्हणू नका. एक जिल्हा धरा, किंवा एक विषय: लोककथा, किल्ले, गिरण्या. नाव पूर्ण वाचा. नॉयश्टाट नावाची गावं ढीगभर आहेत, खरी ओळख पुढच्या शब्दात असते. शिवाय जुन्या गॉथिक अक्षरांत s हा f सारखा दिसतो. पहिले दोन महिने माझी निम्मी गावं चुकली होती.

१९२० ते १९२२ मधले रंगीत संच मुख्यतः संग्राहकांना विकायलाच काढलेले असत. नौमबुर्गच्या संचातली चेरीच्या उत्सवाची कथा किंवा बीलेफेल्डच्या रेशमी नोटा बघत राहाव्यात अशा आहेत. तरी माझा जीव १९१६ ते १९१९ च्या साध्या, मळक्या नोटांवर. माझ्याकडे २५ फेनिगची, म्हणजे पाव मार्काची, एक आहे: चार घड्या, मधोमध बारीक भोक, एका कडेला अंगठ्याचा तेलकट डाग. तिने कुणाचा तरी पाव आणलाय. अशी नोट कोरी नाही म्हणून सोडू नका.

१९२३ च्या प्रचंड महागाईतल्या नोटांवरचे आकडे नीट लावा. मिलियार्डे म्हणजे १०० कोटी. जर्मन बिलियोन मात्र इंग्रजीतलं बिलियन नव्हे, तो १ लाख कोटी. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते.

घेताना भिंग आणि छोटा अतिनील दिवा जवळ ठेवा. कागद निळसर-पांढरा लखलखला, तर बहुतेक अलीकडची छपाई. भिंगाखाली चित्राचे रंगीत ठिपके होऊन फुटले, तर अजून प्रश्न विचारा. साध्या नोटा एक-दोन युरोंत मिळतात, तेव्हा घाई कशाला?

जुन्या अल्बमला चिकटवलेली नोट सोडवायला पाण्यात घालू नका. मी घातली होती. कागद सुटला, पण नगरपालिकेचा जांभळा शिक्का पसरला आणि सहीसुद्धा गेली. त्या गावची दुसरी नोट मला अजून मिळालेली नाही. आता अशी नोट मी अल्बमच्या पानासकटच कापून ठेवते.

इस्त्री नको, चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. पीव्हीसीचे कप्पे कालांतराने चिकट होतात, पॉलिएस्टरचे घ्या. सोबत एक चिठ्ठी ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलीने लिहा: गाव, तारीख, किती दिले, कुणाच्या घरातून आली. शेवटचं विक्रेत्याला तिथेच विचारून घ्या. पुढच्या शनिवारी तो असेलच असं नाही.