साठीनंतर गाइडसोबत डोंगरात ट्रेल रनिंगला जायचंय? मग उताराची तयारी करा

वय साठीपुढं गेलंय, रोडवर नियमित पळता आणि आता तीन-चार दिवसांच्या गाइडवाल्या ट्रेल ट्रिपला, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवर पळायला, जायचं मनात आहे, तर नक्की जा. मी स्वतः साठी उलटल्यावरच गेलो आणि जे कळलं ते इथं लिहितोय. पहिलं म्हणजे चढाचं टेन्शन घेऊ नका, खड्या चढाला बहुतेक सगळे चालतातच, गाइडसुद्धा गुडघ्यावर हात टेकवत चालतो. आपल्या वयाला खरा कस लागतो तो उतारावर, आणि तोही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो आणि त्यात आतून बारीक बारीक इजा होते. त्या दिवशी काहीच वाटत नाही, पण 24 ते 72 तासांत असं दुखतं की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि ट्रिपमध्ये तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत उतार समोर असतो. यावर उपाय मात्र चांगला आहे. स्नायूंना आधी थोडा थोडा उतार दिला की पुढच्या वेळी ते कमी दुखतात आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून ट्रिपच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा टेकडी शोधा, चढा चालत आणि उतरा पळत, टेकडी नसेल तर जिने. सुरुवात अगदी थोड्यावर करा आणि शेवटचा मोठा उतार निघायच्या दहा-बारा दिवस आधी उरका, त्यानंतर पायांना आराम.

बुकिंग करताना नुसते किलोमीटर बघून हो म्हणू नका, रोज चढ किती मीटर आणि उतार किती मीटर ते वेगवेगळं विचारा. इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशनचा एक सोपा हिशोब आहे, प्रत्येक 100 मीटर चढाला 1 किलोमीटर धरायचा, म्हणजे 15 किलोमीटर आणि 900 मीटर चढ असेल तर तो दिवस 24 किलोमीटरचा समजा. उतार यात मोजत नाहीत, तो आपला आपण लक्षात ठेवायचा. शिवाय विचारा की सगळ्यात मागच्या माणसासोबत एक गाइड असतो का, एखाद्या दिवशी अर्ध्यातून गाडीने पुढं जाता येतं का. या प्रश्नांना नीट उत्तर मिळत नसेल तर दुसरी ट्रिप बघा, माझं स्पष्ट मत आहे.

आणि गाइडला सगळं खरं सांगा. बीपीची गोळी, शुगर, जुनं गुडघ्याचं दुखणं, सगळं, पहिल्या दिवशी पळायला निघायच्या आधीच. बीपीसाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी, चालू असेल तर हार्ट रेट मुळातच फारसा वर जात नाही, त्यामुळे घड्याळ दाखवतं त्या हार्ट रेटच्या झोनवर भरवसा ठेवू नका, त्यापेक्षा पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते बघा, नाही आलं तर वेग कमी करा. लघवी जास्त करायला लावणारी गोळी असेल तर पाण्याचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारूनच जा, कारण वयाबरोबर तहानही कमी लागते. आणि मांड्या दुखतात म्हणून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊन पळणं अजिबात नको, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला महागात पडतात. ट्रिप 2500 मीटरच्या वर असेल तर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, तुम्ही कितीही फिट असा, डोकं दुखून मळमळायला लागलं की लगेच गाइडला सांगायचं.

आता चष्मा, याबद्दल कोणीच सांगत नाही. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल काचेचा खालचा भाग वाचायसाठी असतो, आणि उतारावर आपण नेमकं त्यातूनच जमिनीकडे बघतो, त्यामुळे दगड धूसर दिसतो, पायरीची खोली चुकते आणि पाय मुरगळतो. पळायसाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा करून घ्या, मागून दोरी लावा. मी तो बदलल्यावर उतारावर अंग आखडणंच बंद झालं, आणि अंग सैल असलं की पाय आपोआप जागेवर पडतात. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढं ठेवा, पावलं छोटी आणि भराभर टाका, मागं रेलू नका, मागं रेललात की टाच घसरलीच म्हणून समजा. पोल, म्हणजे हातात धरायच्या काठ्या, असतील तर उतारावर थोडे लांब करून घ्या, गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो.

ग्रुपमध्ये एक गोष्ट हमखास होते. पुढचे लोक वर पोचून दहा मिनिटं बसतात, फोटो काढतात, आणि आपण पोचलो की सगळे उठून निघतात, म्हणजे ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही आणि थकलेल्या पायांनी लगेच उतार सुरू होतो. गाइडला आधीच सांगून ठेवा की शेवटचा माणूस आल्यावर पाच मिनिटं थांबायचं. यात लाजण्यासारखं काही नाही, मी सांगितलं तेव्हा मागच्या अजून दोघांनी हळूच थँक्यू म्हटलं.

मुक्कामावर पोचलात की तासाभरात नीट जेवा, प्रोटीन असलेलं काहीतरी पोटात जाऊ दे, आणि लवकर झोपा. पायाची नखं निघायच्या दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको, आणि प्रत्येक मोठ्या उताराआधी थांबून लेस घोट्याजवळ घट्ट करा म्हणजे बोटं बुटाच्या पुढच्या टोकावर आदळत नाहीत.