जुना फ्लॅट घेताना: पहिला आकडा किती सांगायचा?
मालकाचा भाव विसरा. आयजीआर महाराष्ट्राच्या (राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच सोसायटीचे वर्षभरातले इंडेक्स-२ (नोंदलेल्या व्यवहारांचे सारांश) काढा आणि नोंदलेली रक्कम क्षेत्रफळाने भागा. गणित फसतं ते इथेच: एका नोंदीत कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र), दुसरीत बिल्टअप (भिंती धरून), कुठे चौरस मीटर (१ चौ.मी. म्हणजे १०.७६४ चौ.फूट). सगळं कार्पेटवर आणा. त्या दराने निघालेल्या किमतीतून गळती, वायरिंग, थकीत मेंटेनन्स वजा करा. आमच्या मते पहिला आकडा त्याहून पाच-सात टक्के खाली असावा.

वरची मर्यादा खिसा ठरवतो. कर्ज ७५ लाखांपुढचं असेल तर बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देते, तेही स्वतःच्या मूल्यांकनावर. मुंबईत ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० पर्यंत नोंदणी फी पदरची. रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) जास्त निघाला तर शुल्क त्यावर लागतं.