पॉवर बँक, लॅपटॉप, कॅमेरा: विमानाची बॅग भरताना कुठली वस्तू कुठे ठेवायची

सांगलीत प्रवासी विमान उतरत नाही, तरी आमच्या भागातून विमानानं जाणारी माणसं कमी नाहीत. विटा, आटपाडी, तासगावकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी मंडळी देशभर पसरली आहेत. त्यांच्या घरची लग्नं कुठंही होवोत, फोटोवाला मात्र गावाकडचाच लागतो. माझं काम तेच, लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ. त्यामुळे कधी कोल्हापूरच्या उजळाईवाडीहून, कधी पुण्याच्या लोहगावहून, बॅटऱ्यांनी भरलेली बॅग घेऊन मी किती वेळा गेलो असेन याची मोजदाद नाही. आणि प्रत्येक वेळी रांगेत कुणीतरी कुणाला सांगत असतं, "पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाक, तिथं कोण बघतंय?"

तिथंच बघतात. सामानात दिलेली प्रत्येक बॅग एक्स-रेखालून जाते. पॉवर बँक दिसली की बॅग बाजूला काढतात, तुम्हाला हाक मारतात, आणि तुम्ही भेटला नाहीत तर बॅग मागे राहू शकते. असं सांगणाऱ्याचं काही जात नाही, फजिती होते ती मुलाकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांची.

नियमामागचं कारण समजलं की नियम पाठ करावा लागत नाही. लिथियमची बॅटरी आतून तापायला लागली की एका सेलची आच शेजारच्या सेलला लागते आणि ती साखळी थांबत नाही. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो, पण त्यानं ज्वाळा दबल्या तरी सेल थंड होत नाहीत. केबिनमध्ये मात्र माणसं असतात. धूर दिसतो, कर्मचारी पाणी ओततात, बॅटरी गार करतात. म्हणून पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीही नाही.

आधी वाटणी करा

चार्जर, केबल, ट्रायपॉड मोठ्या बॅगेत. पाने आणि स्क्रूड्रायव्हरही तिकडेच, ते केबिनमध्ये चालत नाहीत. लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा हातात. लॅपटॉप पूर्ण बंद करून मोठ्या बॅगेत देता येतो, पण मी देत नाही, तुम्हीही देऊ नका. ड्रोनचं अंग मोठ्या बॅगेत, त्याच्या बॅटऱ्या काढून हातात. ई-सिगारेट घरीच ठेवा, 2019 पासून देशातच बंदी आहे. परदेशातून पाहुणा येणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा की सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय चालत नाही. लोक इथं खरंच अडकले आहेत.

आकडा काढा

सगळी मेख इथंच आहे, आणि माझं नुकसानही इथंच झालं.

विमानाचा नियम बॅटरीवर छापलेल्या एमएएचवर (mAh) चालत नाही, वॉट-अवरवर (Wh), म्हणजे बॅटरीत एकूण किती ऊर्जा मावते त्यावर चालतो. 100 वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. 100 ते 160 मध्ये असेल तर विमान कंपनीची आधी संमती हवी, आणि अशा सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन. 160 च्या वर प्रवासी विमानात नाहीच.

हिशेब शाळकरी आहे: एमएएचला व्होल्टनं गुणा, हजारनं भागा. पण व्होल्ट कुठले घ्यायचे यात निम्मी माणसं चुकतात. पॉवर बँकेवर 5 व्होल्ट ठळक छापलेले असतात, ते बाहेर पडणाऱ्या विजेचे. मोठ्या अक्षरातला 20,000 हा आकडा मात्र आतल्या सेलचा असतो, आणि सेल साधारण 3.7 व्होल्टचा. म्हणजे 20,000 ची पॉवर बँक 74 वॉट-अवरची झाली. ती तुम्ही 5 नं गुणलीत तर नेमके 100 येतात आणि माणूस उगाच घाबरतो. 10,000 ची 37, 27,000 ची 99.9, म्हणजे काठावर पास. 30,000 ची 111, ती विचारल्याशिवाय न्यायची नाही. खाली बारीक अक्षरात 'रेटेड' म्हणून कमी आकडा असतो, तो 5 व्होल्टनं बाहेर मिळणाऱ्या विजेचा, विमानाच्या हिशेबात तो धरायचा नाही.

कॅमेऱ्याच्या बॅटरीची काळजी नको. 7.2 व्होल्ट, 2,280 एमएएच म्हणजे जेमतेम 16.4. व्हिडिओच्या लाइटला लागणारी मोठी बॅटरी 14.4 व्होल्ट आणि 10,400 एमएएचची असेल तर ती दीडशेला टेकते. परवानगी फोनवर तोंडी घेऊ नका, ईमेल मागा आणि त्याची प्रत सोबत ठेवा. मी तर दीडशेच्या बॅटऱ्या नेणंच सोडलं, 98 च्या वापरतो.

आता खरी अडचण. हिशेब तुम्हाला येतो, पण तपासणारा तुमचा हिशेब ऐकायला बसलेला नसतो. त्याला छापलेलं दिसलं पाहिजे. माझी जुनी पॉवर बँक वर्षभर कॅमेऱ्याच्या बॅगेत घासून घासून पांढरी पडली होती. एका विमानतळावर जवानानं ती उजेडात तिरकी धरली, अंगठ्यानं पुसून पाहिली. 'आउटपुट' एवढाच शब्द उरला होता. "दादा, यावर काहीच दिसत नाही," म्हणाला. मी खोका घरी असल्याचं सांगितलं, मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. पॉवर बँक शेवटी तिथल्या पेटीत गेली. मला त्या दिवशी वाईट वाटलं, पण त्याचं चुकलं नव्हतं.

तेव्हापासून नवी पॉवर बँक आणली की पहिल्याच दिवशी छापील बाजूवर पारदर्शक चिकटपट्टी लावतो. हे पाच मिनिटांचं काम आजच करा. पेननं आकडा लिहून चालत नाही. आणि एसटी स्टँडबाहेर मिळणारी बिननावाची पॉवर बँक विमानात नेऊच नका. तिच्यावरचा आकडा खोटा असू शकतो, आतले सेल कुणाचे ते कळत नाही. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघून घ्या. फुगलेली बॅटरी कितीही चांगल्या कंपनीची असो, ती घरातून निघताच कामा नये.

पाउच

सुट्या बॅटरीच्या धातूच्या टोकांना किल्ली किंवा नाणं लागलं की ठिणगी पडायला तेवढं पुरतं. टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. मी भरलेल्या बॅटरीला हिरवी आणि रिकाम्या बॅटरीला लाल लावतो, मांडवातही उपयोग होतो. साधे पेन्सिल सेल प्लास्टिकच्या डबीत. हे सगळं एका चेनच्या पाउचमध्ये, आणि पाउच बॅगेत सगळ्यात वर.

वर का, ते सांगतो. कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीआरसारखी छोटी विमानं येतात. डोक्यावरचे कप्पे लहान, ट्रॉली बॅग मावत नाही, मग ती शिडीपाशीच घेऊन खालच्या कप्प्यात टाकतात. म्हणजे हातातली बॅग ऐनवेळी मोठी बॅग होते. एकदा माझी बॅग अशीच गेली आणि सीटवर बसल्यावर आठवलं, पाच बॅटऱ्या आतच आहेत. कर्मचाऱ्यांना लगेच सांगितलं, त्यांनी बॅग परत आणवली. सगळं विमान माझ्याकडे बघत होतं. पण गप्प बसलो असतो तर त्यापेक्षा वाईट. आता बॅग मागितली की एका हातानं पाउच काढायचा, दुसऱ्या हातानं बॅग द्यायची.

तपासणी

लॅपटॉप, टॅबलेट, कॅमेरा, पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळी ठेवा. भडंगाची पुडकी कॅमेऱ्यावर रचू नका, पडद्यावर गिचमीड दिसते आणि बॅग पुन्हा फिरते. वस्तू चालू करून दाखवायला सांगू शकतात, म्हणून थोडं चार्जिंग राखा.

विमानात

पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात नको, पुढच्या सीटखाली ठेवा. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियात बुसानला उभं विमान पेटलं, आग वरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि संशय पॉवर बँकेवर होता. त्यानंतर कंपन्या कडक झाल्या. सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल 2025 पासून विमानात पॉवर बँक वापरणं बंद केलं. एमिरेट्सनं 1 ऑक्टोबर 2025 पासून माणशी एकच, तीही 100 वॉट-अवरच्या आतली आणि न वापरता, असं ठरवलं. दुबईला लेकीकडे निघालेल्या काकू-मामींनी तीन-तीन पॉवर बँका भरू नयेत. प्रवास कुठलाही असो, निघायच्या आदल्या दिवशी त्या कंपनीचा नियम वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मोबाइल सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका. मोबाइल चिरडला की तोच पेट घेतो. बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवा, तो काढून देतो.

परतीला हाच क्रम उलटा. मी लग्नघरातून निघण्याआधी बॅटऱ्या मोजतो, प्रत्येकीवरून बोट फिरवून फुगवटा बघतो. गेल्या खेपेला एक फुगलेली निघाली. ती तिथल्याच एका फोटो स्टुडिओवाल्याकडे ई-कचऱ्यात दिली आणि चारच घेऊन घरी आलो.