पिकअपवर सीबी रेडिओचा अँटेना: जागा, निवड आणि जोडणी

सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे गाड्यांमधून आपसात बोलायचा रेडिओ, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. गाडीवरचा अँटेना तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे पावणेतीन मीटरच्या जवळपास असावा लागतो. किंवा वायरचे वेढे (कॉइल) घालून तो तेवढा 'भासवावा' लागतो. पण हा दांडा म्हणजे निम्माच अँटेना. उरलेला निम्मा म्हणजे त्याच्याखालचा पत्रा: टप, बॉनेट, हौदा, चासी. हा खालचा भाग नीट जोडलेला नसेल तर महागातला दांडाही मुका राहतो. म्हणून आधी जागा ठरवा आणि मग त्या जागेला शोभेल असा अँटेना घ्या. बहुतेक जण उलट करतात आणि नंतर रेडिओला दोष देतात.

जागा

टपाचा मध्य ही सगळ्यात उत्तम जागा. चारही बाजूंना पत्रा सारखा असल्यामुळे आवाज सगळीकडे जवळजवळ सारखा पोहोचतो. अडचण फक्त उंचीची. टप आधीच पावणेदोन-दोन मीटरवर असतो, त्यामुळे तिथे मीटर-सव्वा मीटरचा, तळाशी कॉइल असलेला अँटेनाच सोयीचा पडतो.

टपाला भोक पाडायचं नसेल तर केबिनच्या मागे, हौद्याच्या काठावर बसवा. पिकअपसाठी ही मधली वाट खरोखर चांगली आहे. नियम एकच: अँटेनाचा किमान दोन तृतीयांश भाग टपाच्या वर निघाला पाहिजे, आणि कॉइल तर टपाच्या वरच हवी. कॉइल केबिनच्या मागच्या पत्र्याशेजारी आली की जुळणी बिघडते आणि शक्ती पत्र्यात वाया जाते. कोपऱ्यातला अँटेना गाडीच्या धडावरून पलीकडच्या दिशेला जास्त ताकदीने फेकतो, हेही ध्यानात ठेवा. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवला तर सर्वांत चांगला आवाज पुढे उजवीकडे जाईल.

आरशाच्या दांडीवर लावणं सोपं असतं. मात्र तिथलं अर्थिंग दाराच्या बिजागऱ्यांमधून येतं आणि ते भरवशाचं नसतं. बंपरवर फक्त पूर्ण लांबीचा स्टीलचा दांडाच चालतो, कारण खालचा भाग केबिनने झाकला तरी वर पुरेसा उरतो. तिथे सव्वा मीटरचा फायबरग्लास लावणं म्हणजे अँटेना गाडीच्या मागे लपवणं.

दोन बाजूंना दोन अँटेना लावण्याचा मोह टाळा. त्यांचा फायदा मिळायला त्यांच्यात पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर लागतं, आणि पिकअपची रुंदी तेवढी नसते. शिवाय त्यांना ७५ ओहमची खास जोडकेबल लागते. चांगल्या जागी बसवलेला एकच अँटेना पिकअपवर जास्त काम देतो.

अँटेना कोणता

उत्सर्जनाच्या दृष्टीने सरळ स्टीलचा दांडा सर्वांत सरस: दांडा १०२ इंच, म्हणजे सुमारे २.६ मीटर, आणि खाली १५ सेंटिमीटरची स्प्रिंग. त्यात कॉइल नसल्याने कॉइलमधली नासाडीही नाही. पण हौद्याच्या काठावर बसवला की टोक जमिनीपासून चार मीटरच्या घरात जातं. फांद्या, पार्किंगची छतं, आणि मुख्य म्हणजे विजेच्या तारा यांचा विचार केल्याशिवाय तो घेऊ नका.

फायबरग्लासच्या काठीवर तांब्याची वायर गुंडाळलेली असते आणि दाट वेढे शेंड्याकडे असतात. लोखंडाच्या जवळ बसवायचं असेल तेव्हा हा प्रकार सर्वांत समजूतदार. हौद्याच्या काठासाठी १.२ ते १.५ मीटरची, शेंड्याला जुळणीचा स्क्रू असलेली काठी घ्या. तळाशी कॉइल असलेला अँटेना टपासाठी योग्य, पण हौद्याच्या काठासाठी चुकीचा, कारण त्याची कॉइल नेमकी पत्र्याशेजारी येते.

चुंबकाचा तळ असलेला अँटेना रंगातूनच पत्र्याशी विद्युत जोड साधतो, त्यामुळे त्याच्याखालचा रंग खरवडायचा नसतो. तळ आणि टप दोन्ही स्वच्छ हवेत. मधूनमधून उचलून पुसा, नाहीतर अडकलेल्या धूळ-वाळूने रंग जातो आणि गंज धरतो. आणि आधी पत्रा तपासा: फोर्ड एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे चुंबक चिकटतच नाही.

बसवणं

लागणारं सामान: जाड स्टीलचा ब्रॅकेट, ३/८ इंच-२४ आट्यांचा स्टड (खाली एसओ-२३९ सॉकेट), ५० ओहमची केबल, चपटी विणलेली तांब्याची पट्टी, दातेरी वॉशर, मल्टिमीटर आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते आकड्यात सांगणारा; आकडा १ च्या जितका जवळ तितकी जुळणी चांगली).

ब्रॅकेट जिथे टेकणार तिथला रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि उघड्या धातूवर बाहेरून ग्रीस किंवा रंग द्या. हौदा आणि केबिन हे दोन वेगळे तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये रबर, रंग, गंज सगळं असतं. म्हणून हौदा ते चासी आणि केबिन ते चासी अशा दोन पट्ट्या टाका. पट्टी जितकी आखूड आणि रुंद, तितकी बरी. या वारंवारतेला लांब बारीक वायर अर्थिंगचं काम करत नाही, मल्टिमीटर शून्य ओहम दाखवत असला तरीही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: स्टडचा नायलॉन वॉशर. स्टडचा मधला भाग आतल्या तारेला जोडलेला असतो आणि बाहेरचा ब्रॅकेटला. दोघांना वेगळं ठेवतो तो हा पायरीदार वॉशर. त्याची पायरी ब्रॅकेटच्या भोकात पूर्ण उतरली पाहिजे. ती काठावर चढली किंवा आवळताना चिरली, की स्टड ब्रॅकेटला टेकतो आणि अँटेना शॉर्ट होतो. अँटेना आणि केबल लावण्याआधीच मल्टिमीटर लावून पाहा: स्टड ते ब्रॅकेट जोड मुळीच नको, सॉकेटची बाहेरची कड ते चासी अर्ध्या ओहमपेक्षा कमी. तळाशी कॉइल असलेले काही अँटेना मात्र मुळातच मीटरवर शॉर्ट दिसतात, म्हणून ही तपासणी अँटेना काढूनच करायची.

टपाला भोक पाडायचं तर एनएमओ माउंटसाठी (टपात पक्का बसणारा अँटेनाचा तळ) ते १९ मिलिमीटरचं लागतं. आधी आतलं अस्तर उतरवून वरच्या आडव्या पट्ट्या, दिव्याच्या तारा आणि कडेच्या पडदा-एअरबॅगची जागा पाहून घ्या.

केबल

पाच-सहा मीटरसाठी आरजी-५८ पुरते. या लांबीत तिच्यात अर्ध्या डेसिबलहून कमी नासाडी होते. आरजी-८एक्स थोडी बरी, पण जाड. बरोबर १८ फूटच केबल हवी, हा समज सोडून द्या. अँटेना ५० ओहमला जुळला असेल तर केबलच्या लांबीने काही अडत नाही. काही अँटेनांमध्ये केबल जुळणीचाच भाग असते (फायबरच्या बॉडीसाठी मिळणारे, ज्यांना पत्रा लागत नाही असे), ती मात्र कधीही कापू किंवा बदलू नका.

उरलेली केबल घट्ट गोल गुंडाळी करून कोंबू नका. लांबट, सैल आठाच्या आकारात सीटखाली ठेवा. दारातून नेताना ती चेंगरणार नाही असा कोपरा निवडा आणि आत शिरण्याआधी खाली झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. सॉकेटवर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं.

जुळणी

गाडी मोकळ्या जागेत उभी करा, दारं आणि बॉनेट बंद, आसपास माणूस नको. एसडब्ल्यूआर मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या मध्ये आखूड जोडकेबलने लावा. माइकचं बटण दाबून मीटरची सुई 'सेट' खुणेवर आणा, मग परतीची शक्ती वाचा. चॅनेल बदलला की पुन्हा सेट करा. १, २० आणि ४० या तीन चॅनेलांचे आकडे लिहून ठेवा.

४० वर आकडा जास्त आणि १ वर कमी असेल तर अँटेना लांब आहे, आखूड करा. उलट असेल तर लांब करा. आधी शेंड्याचा स्क्रू फिरवून पाहा. कापायची वेळ आलीच तर एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त कापू नका, आणि दर कापाला तिन्ही चॅनेल पुन्हा मोजा. एसडब्ल्यूआरचा आकडा १.५ च्या खाली आला की थांबा. तिथे फक्त ४ टक्के शक्ती परत येते. २ वर ती ११ टक्के असते, तेही चालतं. ३ वर चौथा हिस्सा परत येतो, तेव्हा बोलू नका, रेडिओचं आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतं.

तिन्ही चॅनेलांवर ३ च्या वर असेल तर स्क्रू फिरवत बसू नका. लांबी चुकीची नाही. अर्थिंग तुटलंय, नायलॉन वॉशर शॉर्ट झालाय किंवा केबलचं टोक नीट डाखलेलं नाही. आणि केवळ आकडा कमी आला म्हणून सगळं ठीक आहे असंही धरू नका. पाणी शिरलेल्या केबलमध्ये परतीची शक्ती वाटेतच जिरते, त्यामुळे मीटर छान दाखवतो आणि आवाज कुठेच पोहोचत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत धक्क्यांनी बोल्ट सैल होतात. महिन्याभराने ते पुन्हा आवळा आणि तेच तीन आकडे पुन्हा मोजून पहिल्या नोंदीशी ताडून पाहा.