फाल्कन बूस्टरची नोंदवही ठेवताय? या चुका टाळा

बूस्टर म्हणजे स्पेसएक्सच्या फाल्कन रॉकेटचा खालचा टप्पा, जो परत उतरतो आणि पुन्हा उडतो. बी-१०६७ या बूस्टरची सगळी उड्डाणं एकदा मी बसून स्प्रेडशीटमध्ये भरत होतो. नवव्यापर्यंत ठीक चाललं. दहाव्याला १०६७.१० टाइप केलं, एंटर मारलं आणि शीटने शेवटचं शून्य गिळून टाकलं. उरलं १०६७.१, म्हणजे या बूस्टरचं पहिलंवहिलं उड्डाण, जे ३ जून २०२१ला अंतराळ स्थानकाकडे सामान घेऊन गेलं होतं. पुढे विसाव्याचं झालं दुसरं, तिसाव्याचं तिसरं. क्रमवारी लावली तर अकरावं दुसऱ्याच्या आधी जाऊन बसलं.

तो ठिपका दशांशचिन्ह नाहीच. आधीचा आकडा बूस्टरचा, नंतरचा उड्डाणाचा. तेव्हा रकाना भरण्याआधीच त्याचा प्रकार 'मजकूर' करून ठेवा, नाहीतर सरळ दोन रकाने करा. मी दोन केले. कुणाची तरी तयार शीट उचलली असेल तर आधी एवढंच बघा: एकाच बूस्टरपुढे '.१' दोनदा येतंय का? येत असेल तर त्यातली नंतरच्या तारखेची ओळ दहाव्या उड्डाणाची.

क्रमांकावरून वय काढणं

फाल्कन ९ची सध्या उडणारी ब्लॉक ५ पिढी बी-१०४६ पासून सुरू होते. हा बूस्टर ११ मे २०१८ला बांगलादेशचा बंगबंधू-१ उपग्रह घेऊन उडाला. तिथून पुढे क्रमाने मोजत जाल तर फसाल. बी-१०५४ डिसेंबर २०१८मध्येच उडाला आणि बी-१०५१चं पहिलं उड्डाण उजाडलं २ मार्च २०१९ला. क्रमांक कारखान्यात पडतो, प्रक्षेपण तळावर पोहोचायची पाळी वेगळी लागते. आणि बी-१०२८च्या पुढची जागा मोकळी सोडू नका, तिथे शून्य लिहा. १ सप्टेंबर २०१६ला इंजिन चाचणीच्या तयारीत तो तळावरच उडाला, आणि तेही मराठीत 'उडाला' म्हणतो त्या दुसऱ्या अर्थाने.

'यशस्वी' नावाचा एकच रकाना

बहुतेक शीट इथेच बिघडतात. मोहीम फत्ते झाली का, बूस्टर उतरला का आणि तो घरी पोहोचला का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नसतात.

डिसेंबर २०१८मधली स्थानकाची सामानफेरी घ्या. सामान व्यवस्थित पोहोचलं, पण बी-१०५०च्या ग्रिड फिनचा, म्हणजे उतरताना दिशा देणाऱ्या जाळीदार पंखांचा, हायड्रॉलिक पंप अडकला. गिरक्या घेत तो किनाऱ्यालगत समुद्रात उतरला. त्याला ओढून बंदरात आणलं, पण तो परत उडाला नाही. जुलै २०२४मध्ये नेमकं उलटं झालं. रॉकेटच्या वरच्या, दुसऱ्या टप्प्यातल्या बिघाडाने स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह गेले, आणि बूस्टर मात्र समुद्रातल्या तराफ्यावर ऐटीत उभा. 'अयशस्वी' लिहून मोकळे झालात तर त्या बूस्टरवर अन्याय.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. ३० मे २०२०ला बॉब बेंकन आणि डग हर्ली या अंतराळवीरांना घेऊन गेलेला बी-१०५८ आठवतो? अंगावर नासाची लाल अक्षरं मिरवणारा. डिसेंबर २०२३मध्ये एकोणिसाव्या उड्डाणानंतरही तो तराफ्यावर नीट उतरला. थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, शीटमध्ये बरोबरची खूण केली आणि झोपायला गेले. मग परतीच्या वाटेवर वारा आणि लाटांनी तो आडवा झाला. बंदरात आला तो इंजिनांसकट उरलेला बुडखा. खूण चुकीची नव्हती, तो उतरला होताच. फक्त पुढचा रकाना नव्हता.

तीन बूस्टर जोडलेल्या फाल्कन हेवी रॉकेटचा मधला बूस्टर बी-१०५५ एप्रिल २०१९मध्ये असाच उतरल्यानंतर खवळलेल्या समुद्रात पडला. ऑगस्ट २०२४मधला बी-१०६२ मात्र टेकताक्षणीच कलंडला. या दोघांना एकाच शब्दात गुंडाळू नका.

शिवाय 'उतरला नाही' म्हणजे 'हुकला' असं नाही. बी-१०६०ने एप्रिल २०२४मध्ये आपल्या विसाव्या उड्डाणात युरोपचे गॅलिलिओ उपग्रह नेले. सगळं इंधन तिकडेच लागणार होतं, त्यामुळे परतायचा बेतच नव्हता. जानेवारी २०२०मध्ये बी-१०४६ तर अंतराळवीरांच्या सुटकेच्या चाचणीसाठी मुद्दाम बळी दिला गेला. अशांसाठी 'प्रयत्न नाही' असा वेगळा शेरा लागतोच, नाहीतर टक्केवारी विनाकारण घसरते.

हेवीची एकच ओळ

एका फाल्कन हेवीला तीन बूस्टर, म्हणून ओळीही तीन. ६ फेब्रुवारी २०१८च्या पहिल्या हेवीच्या बाजूचे बी-१०२३ आणि बी-१०२५ हे २०१६मध्ये साधे फाल्कन ९ म्हणून उडून आलेले होते. त्यांचा हिशेब तिथून सुरू होतो.

तारीख

आपल्याकडच्या बातमीत १९ नोव्हेंबर २०२४, अमेरिकेतल्या नोंदीत १८. इस्रोचा जीसॅट-एन२ उपग्रह फाल्कन ९वरून उडाला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे १२ वाजून १ मिनिट झालं होतं, फ्लोरिडात दुपारचा दीड. डिसेंबर २०१५चं ते पहिलं गाजलेलं लँडिंग तिथल्या घड्याळात २१ला, जागतिक वेळेत २२ला. जागतिक वेळ (यूटीसी) धरा आणि सगळीकडे तीच ठेवा. नाहीतर दोन उड्डाणांतलं अंतर एका दिवसाने चुकतं, आणि बी-१०८८ने मार्च २०२५मध्ये अवघ्या ९ दिवसांत पुन्हा उड्डाण केलं तिथे एक दिवस म्हणजे फार झालं.

कुपी नवी म्हणून सगळंच नवं

शुभांशु शुक्ला जून २०२५मध्ये निघाले तेव्हा 'कोऱ्या यानातून' असं बरंच वाचायला मिळालं. ग्रेस ही कुपी, म्हणजे अंतराळवीर बसतात ते यान, खरोखर कोरी होती, पण तिच्याखालचा बी-१०९४ दुसऱ्यांदा उडत होता. त्याच महिन्यात आधी ठरलेलं उड्डाण पुढे गेलं, कारण तळावरच्या इंजिन चाचणीनंतरच्या तपासणीत बूस्टरमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. ही गळती त्याच्या पहिल्या उड्डाणात परततानाही दिसली होती आणि दुरुस्तीत पूर्ण निघाली नव्हती. माझ्या शीटमध्ये त्या पहिल्या उड्डाणापुढे तेव्हा नुसती बरोबरची खूण होती. आता तिथे शेऱ्याचा रकाना आहे, आणि २५ जूनची ओळ त्याच्या खालोखाल: प्रक्षेपण भारतीय वेळेनुसार दुपारी १२:०१, बूस्टर काही मिनिटांत फ्लोरिडाच्याच किनाऱ्यावर, उभा.